कदमकाकांची कूलर-फेरी

कदमकाका कुणाच्याही घरात आले की आधी वाकतात. देवापुढे नव्हे, कूलरपुढे. खिशातून टॉर्च काढायची, कूलरची बाजूची जाळी उचकटायची आणि टाकीत डोकं घालायचं. 'नमस्कार, कसे आहात' वगैरे त्यानंतर.

गाझियाबादच्या आमच्या सोसायटीत उन्हाळा सुरू झाला की खिडकीखिडकीत कूलर घरघरायला लागतात ते थेट दसऱ्यापर्यंत. त्यांच्या टाकीतलं साचलेलं पाणी म्हणजे डेंग्यूच्या डासांचं माहेर. "डासीण बाळंतपणाला आपल्याकडेच येते," असं काका म्हणतात. म्हणून दर रविवारी सकाळी ते घरोघर फिरून प्रत्येकाला कूलर रिकामा करून, घासून, वाळवायला लावायचे. हे काम त्यांना दिलं कुणी? कुणीच नाही.

काकांची सगळी नोकरी केंद्र सरकारात, दुसऱ्यांच्या खर्चाच्या फायली परत पाठवण्यात गेली. निवृत्त झाले तरी हात शिवशिवतात. कुठलीही गोष्ट काढा, पहिला प्रश्न ठरलेला: "खर्च किती, पदरात काय?" भाचीच्या लग्नाला विमानाने जावं की रेल्वेने, यावर त्यांनी इतका विचार केला की तेवढ्यात लग्न पार पडलं.

डासांच्या बाबतीत तर त्यांचं शास्त्रच तयार होतं. धूर मारणाऱ्या गाडीचं नाव काढलं की भडकायचे. "धूर म्हणजे तमाशा! उडणारे चार डास मरतात, पाण्यातल्या अळ्यांच्या केसालाही धक्का नाही. पैसे मात्र दर आठवड्याला मोजा. आणि कूलर वाळवायला काय लागतं? एक घासणी आणि थोडी लाज." मग तराजूचं दुसरं पारडं. "घरातला एक माणूस आडवा झाला तर? दवाखाना, रजा, जागरणं, आणि वर बकरीचं दूध! त्या दिवसांत बकरी म्हशीलाही विचारत नाही." दिल्लीकडे डेंग्यू झाला की बकरीचं दूध पाजतात. डॉक्टर कपाळावर हात मारून घेतात, तरी पाजतात.

तपासणी दोन मिनिटांची आणि हे व्याख्यान तासाभराचं. रविवारची झोप मोडते म्हणून मी खूप कुरकुरायचे. पण खोटं कशाला बोलू, गेल्या पावसाळ्यात शेजारच्या सोसायटीत घरटी एक माणूस तापाने पडला होता आणि आमच्याकडे सगळे ठणठणीत होते.

यंदा सोसायटीच्या मीटिंगमध्ये पुन्हा धुराच्या गाडीचा प्रस्ताव आला. काका उभे राहिले आणि त्यांनी त्या प्रस्तावाचा असा काही फडशा पाडला की टाळ्या पडल्या. आम्हा दोन-चार मराठी घरांची कॉलर ताठ झाली. तेवढ्यात सेक्रेटरी गुप्ताजी अगदी प्रेमाने म्हणाले, "कदमसाहब, आपने बिल्कुल सही कहा. गाडी कैन्सल. कूलर अपना गार्ड देख लेगा, दिनभर बैठा ही तो रहता है. खर्चा ज़ीरो, और आपका सीढ़ियाँ चढ़ना भी बंद."

सगळे काकांकडे बघायला लागले. काकांनी चष्मा काढून पुसला. जन्मभर दुसऱ्यांना लावलेला नियम आता स्वतःला लावायचा होता, आणि गडी पक्का प्रामाणिक. "हिसाब सही है," एवढंच म्हणून ते खाली बसले.

पुढच्या रविवारी गार्ड आला. त्याने लांबूनच कूलरकडे पाहिलं, "ठीक है मॅडम" म्हणाला आणि गेला. मी पुन्हा अंथरुणात शिरले. सुटले बाई, असं वाटलं. पण झोप काही येईना. माझा नवरा मिलिंद स्वयंपाकघरातून म्हणाला, "आज घर फारच शांत वाटतंय, नाही?"

इतक्यात बेल वाजली. दारात काका. शर्टाला इस्त्री, हात रिकामे.

"कूलर नाही बघायचा," ते घाईघाईने म्हणाले. "गार्डने बघितला असेलच. चांगला मुलगा आहे."

"मग काय काका?"

ते जिन्याकडे बघत राहिले. काकूंना जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा बंगळुरूला असतो, हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून कधी मनावर घेतलं नव्हतं.

"माझ्या घरी एकच कूलर, गं," काका म्हणाले. "सकाळपासून तोच बघतोय."

मी दार सताड उघडलं आणि आत हाक मारली, "मिलिंद, चहा वाढव रे, काका आलेत!"