ब्रेक मारला की टेंपो डावीकडे खेचतो

आबाजी भोईर स्वतःची ओळख करून द्यायला लागले की समोरच्याने आधी बसून घ्यावं. "खोपोलीपासून कर्जतपर्यंत जेवढे गुन्हेगार हायेत ना, त्यांची झोप माझ्या नावानं उडते," इथून सुरुवात व्हायची, आणि तीक्ष्ण नजर, अचूक नाक, थंड डोकं अशी एकेक अवयवाची थोरवी गात गाडी पुढे सरकायची. सारी नोकरी त्यांनी गावच्या पाण्याचा व्हॉल्व्ह फिरवण्यात काढली होती. निवृत्त झाल्यावर ते गुप्तहेर झाले आणि ही गोष्ट गुप्त राहू नये म्हणून त्यांनी ती स्वतःच गावभर सांगितली. एका हरवलेल्या बकरीचा छडाही त्यांनी लावला होता. बकरी त्यांच्या आधी घरी पोचली होती, एवढा भाग ते गाळत.

चौक गावाला जुन्या हायवेवर अब्रारचं झेरॉक्सचं दुकान होतं. दुकानापुढचं बाकडं हे आबाजींचं ऑफिस आणि अब्रार त्यांचा साहाय्यक. या नेमणुकीबद्दल अब्रारला कोणी विचारलं नव्हतं. चहा मात्र त्याच्याच नावावर यायचा.

त्या दिवशी सकाळी पहिली तक्रार घेऊन आल्या छायाकाकू, म्हणजे आबाजींची बायको.

"अहो, माझी खोबरेलाची बाटली आठवडा झाला सापडत नाय. माहेरचं घाण्यावरचं तेल हाय."

"छाया, हे ऑफिस हाय. घरगुती केस आमी घेत नाय."

काकू अब्रारकडे बघून सुस्कारा टाकून गेल्या. तेवढ्यात नम्रताताईंचा टेंपो येऊन थांबला. ताईंचा मंडप आणि भाड्याच्या भांड्यांचा धंदा. टेंपोचा ड्रायव्हर, नवीन त्याचं नाव, मान खाली घालून उतरला.

"आबाजी, ब्रेक मारला की टेंपो डावीकडं खेचतो," ताई म्हणाल्या. "काल खालापूरला माणूस थोडक्यात वाचला. उद्या भिवपुरीला लग्नाची भांडी पोचवायचीत. चावी याच्याकडं ठेवायची का नाय, तेवढं मला आज कळायला हवं."

प्रश्न असा का होता, हे गावात सगळ्यांना ठाऊक होतं. नवीन पूर्वी प्यायचा. मुलगी झाली तेव्हा त्याने सोडली, ती सोडलीच. पण माणूस प्यायला लागला की गावाला लगेच कळतं, सोडली की कित्येक वर्षं कळत नाही. पुन्हा प्यायलास तर चावी परत, या बोलीवरच ताईंनी त्याला कामावर घेतलं होतं.

"ताई, चाक खोलून बघू या ना," नवीन म्हणाला. "गॅरेज समोरच हाय."

"खबरदार," आबाजी म्हणाले. "गॅरेजवाला आधी पुरावे पुसतो, मंग हात. तोंड उघड."

आणि भर रस्त्यात, चहावाल्यापासून रिक्षावाल्यांपर्यंत सगळे बघत असताना, आबाजींनी नवीनच्या तोंडात नाक घातलं. मग अब्रारलाही हुंगायला लावलं.

"वास नाय येत, काका," अब्रार मुद्दाम मोठ्याने म्हणाला.

"बरोबर. म्हणजे लपवलाय."

अब्रारला स्वतःची लाज वाटली. नवीनचे कान लाल झाले होते.

पहिला निष्कर्ष आबाजींनी तिथेच दिला. बैल जसा न सांगता गोठ्याकडे वळतो, तसा टेंपो चालवणाऱ्याच्या सवयीने वळतो. पुढे डाव्या हाताला बार आहे, तेव्हा टेंपो डावीकडे खेचणारच.

"पण परत येताना बार उजवीकडं असतो," अब्रार म्हणाला. "तरी डावीकडंच खेचतो."

"येताना त्याला पश्चात्ताप होतो. म्हणून तो तोंड फिरवतो."

दुसरा निष्कर्ष डाव्या बाजूच्या जड पातेल्यांचा होता. टेंपो रिकामा आहे हे दाखवल्यावर तो मागे घेण्यात आला. मग आबाजी स्वतः शेजारी बसले, अब्रारला मागे हौद्यात उभं केलं आणि प्रत्यक्ष तपासणी निघाली. नवीनने हळूहळू ब्रेक मारून दाखवले. प्रत्येक ब्रेकला टेंपो डाव्या अंगाला जायचा आणि अब्रार आडव्या दांड्याला छाती आपटून घ्यायचा. परत दुकानापाशी येईपर्यंत गरम चाकांतून एक वास दरवळायला लागला होता.

आबाजींनी डोळे मिटले. "खोबरेल. केसांचं खोबरेल. ताई, दारू नाय. बाई हाय. हा वाटेत डावीकडं गाडी घेतो, ती केसांना तेल चोपडून उभी असते, गाडीत बसते, आणि..."

"काका, माझ्या घरात मुलगी हाय," नवीन म्हणाला. आवाज चढला नव्हता, पण चहावाल्याने गाळता गाळता हात थांबवला.

नम्रताताईंनी हात पुढे केला. "चावी दे, नवीन."

त्याने खिशातून चावी काढली. नेमक्या त्याच वेळी छायाकाकू नवऱ्याचा डबा घेऊन पोचल्या, आणि टेंपोच्या उजव्या चाकापाशी थबकल्या.

"हे माझं तेल हाय," काकू म्हणाल्या.

"छाया, तपास चालू हाय."

"माहेरचा वास मला कळत नाय होय? अहो, मागच्या आठवड्यात या चाकाचं चीं चीं तुमी कशानं थांबवलंत?"

हे प्रकरण आबाजींचं ताजं यश होतं. ब्रेक मारला की उजवं चाक चिरकायचं. आबाजींनी सगळ्यांना पाठ करून उभं केलं होतं, आणि वळून बघितलं तर आवाज गायब.

"माझ्या पद्धती गुप्त असतात," आबाजी म्हणाले.

"बाटली कुठं हाय?"

अचूक नाकाला घाम फुटला. एवढ्यात नवीनने जॅक लावून उजवं चाक उतरवलंसुद्धा. ब्रेकची तबकडी आणि तिला धरणारे गुटके तेलाने माखून चकचकत होते. उजवं चाक ब्रेक धरतच नव्हतं, डावं तेवढं धरत होतं, म्हणून टेंपो डावीकडे खेचत होता. रहस्य म्हणायचं ते एवढंच.

"आवाज बंद झाला होता का नाय?" आबाजी पुटपुटले.

"माणूस मेला असता, आबाजी," नम्रताताई म्हणाल्या. "नवीन, गुटके बदलून घे. चावी तुझ्याकडंच राहू दे."

नवीनने चावी खिशात ठेवली, फडक्याने हात पुसले आणि आबाजींसमोर येऊन उभा राहिला.

"काका, तोंड उघडा."

गोंधळून आबाजींनी तोंड उघडलं. नवीनने सगळ्यांसमोर, सावकाश, नीट हुंगलं. मग ताईंकडे वळला.

"वास नाय येत, ताई. हे शुद्धीत असताना केलंय यांनी."