दुसरं शिंग

"दुमड गं नमदा, धर गं सुरी, एक शिंग काप, दुजं येई घरी."

नमद्याचा, म्हणजे दाबलेल्या लोकरीचा, गालिचा बेतताना असिलकानची आई हे गुणगुणायची. घडी उलगडली की नक्षीतली मेंढ्याची दोन्ही शिंगं समोरासमोर, तंतोतंत सारखी. कितीतरी वर्षांत असिलकानला तो आवाज आठवला नव्हता. आज बिश्केकच्या इस्पितळात, मोठ्या पडद्यासमोर उभी असताना तो कानात वाजला आणि तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

पडद्यावर शल्यविशारद ओमुरकुल यांचा मेंदू होता. मेंदूच्या फोटोतून रक्तवाहिन्या आपोआप वेगळ्या काढून रंगवणारा प्रोग्राम असिलकानने लिहिला होता. ओमुरकुलनी होकार दिला, की तो नारीनकडच्या डोंगरांतल्या दवाखान्यांत जाणार होता. तिथे असे फोटो वाचणारं कुणीच नव्हतं. पारख म्हणून त्यांनी स्वतःचाच फोटो दिला होता. यंत्राने झरझर लाल रेघा ओढल्या. डावीकडे तशाच उजवीकडे, आणि टोकांना छान गोल वळसे.

"सुंदर," ओमुरकुल म्हणाले. "फक्त यातली ही एक शीर मला जन्मापासून नाही. तुमच्या प्रोग्रामनं दिली. आभारी आहे."

"साहेब, चाचणीत याला जवळजवळ पैकीच्या पैकी मिळालेत."

"उत्तरं कुणी काढली होती?"

यंत्राला शिकवायला हाताने शिरा गिरवलेले फोटो लागतात, आणि त्याची परीक्षा घ्यायलाही तसलेच. दोन्हींवर सही एकाचीच होती: दूरोनबेक. निवृत्त होऊनही रोज येणारे हे जुने डॉक्टर. सगळा विभाग त्यांना 'बायके', म्हणजे थोरला भाऊ, म्हणे. ते कोपऱ्यात चहात बोरसोक, तळलेल्या पिठाचे तुकडे, बुडवत बसले होते.

"बायके, हे तुम्ही गिरवलंत?"

"माझ्या देखरेखीखाली गिरवलं गेलं."

"कुणी?"

"कलीपानं. काय हात आहे तिचा. सुरी केसभर हलत नाही."

"तुमच्या बायकोनं? गालिचे कापणाऱ्या?"

"नावं ठेवू नकोस. तिचे गालिचे लोक लग्नात मागून नेतात."

"मेंदूत अंथरायला नेत नाहीत ना?"

असिलकानने तिथल्या तिथे कलीपाला फोन लावला, सगळ्यांना ऐकू जाईल असा.

"माझ्यावर ओरडू नकोस, पोरी," कलीपा तिच्याहून वरच्या पट्टीत म्हणाली. "मला डॉक्टरकी येत नाही, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं. हे शेजारी बसून सांगायचे, मी काढायची. एक बाजू झाली की म्हणायचे, पलीकडेही तसंच. मग मी गालिच्यासारखी घडी घातली, तीच बाजू पलीकडे उतरवली."

"आणि टोकांचे वळसे?"

"नागडं टोक कोण सोडतं? तुझ्या आईनं काही शिकवलं नाही वाटतं."

असिलकान म्हाताऱ्याकडे वळली. "तसंच? दोन्ही बाजू कधीच सारख्या नसतात, हे आम्हाला कुणी शिकवलं?"

"त्या दिवशी घरी पाहुणे होते," दूरोनबेक म्हणाले. "आणि दिवाही मंद होता."

"मग दिवा बदलायचा. बायको कशाला कामाला लावलीत?"

ओमुरकुलनी पडद्यावरच्या लाल रेघा पुसून कोरा फोटो आणला. "बायके, इथे उजेड भरपूर आहे. माझी शीर कुठे नाही, तेवढं दाखवा."

दूरोनबेक उठले. त्यांनी चष्मा पुसला, पुन्हा पुसला. त्यांचं बोट पडद्यावर, जागा न मिळालेल्या पाखरासारखं, घिरट्या घालत राहिलं आणि उजवीकडे जाऊन टेकलं.

"तिथे तर ती आहे, बायके," ओमुरकुल म्हणाले. फोन अजून चालूच होता.

"आता तरी सांगून टाका," कलीपा म्हणाली. तिचा आवाज उतरला होता. "मी कुठवर घड्या घालू?"

म्हाताऱ्याने बोट मागे घेतलं.

"बारीक रेघ मला दिसत नाही, असिलकान. हिवाळा लागल्यापासून. पहिली बाजूसुद्धा, काय दिसतं ते तिलाच विचारून मी तिला सांगत होतो."