वामनकाकांचा अरबी समुद्र

अरबी समुद्र खवळला की मध्य प्रदेशातल्या बालाघाटात आमचे शेजारी वामनकाका आंघोळ करत नाहीत.

"मच्छीमारायले मनाई आहे ना? मंग आपुन काहून पान्यात जाव?"

काकांचा जन्म वैनगंगेची पातळी मोजण्याच्या सरकारी नोकरीत गेला. समुद्र त्यांनी कधी पाहिलेला नाही, पण "पानी मले समजते" हे पालुपद. रोज सकाळी मोबाइलवर समुद्राचं हवामान ऐकतात. इशारा आला की गच्चीवर लाल टॉवेल फडकतो आणि साबण कपाटात जातो.

एकदा बाजारात नदीतला रोहू विकणाऱ्या बाईलाच त्यांनी दरडावलं, "बांगडा कुठी गेला, मालूम आहे तुले?"

"कौन बांगडा? इधर नहीं आया," बाई म्हणाली.

"समुद्र तापून राह्यला, बाई! बांगडा थंड पान्यासाठी खोल पळाला. त्याच्यामागं होड्या दूर जाते, अन् वरून वादळं बी वाढले!"

"तो भैया, रोहू तोलूँ कि नहीं?"

काकांनी अर्धा किलो घेतला.

हे बांगड्याचं वेड कुठून आलं, ते मला काकूंनी सांगितलं. त्यांची मुलगी शुभा रत्नागिरीला नर्स आहे. तिने तिथल्याच एका मच्छीमाराशी लग्न केलं. काका लग्नाला गेले नाहीत आणि जावयाशी चार वर्षांत एक शब्द बोलले नाहीत. शुभाचा फोन काकूच घेतात. काका दाराआड उभे राहून ऐकतात. किनाऱ्याजवळ मासा मिळेनासा झाल्यापासून जावई आठ-आठ दिवस समुद्रात असतो, हे त्यांना तिथेच कळलं.

गेल्या मे महिन्यात वादळ आलं. दोन दिवस जावयाच्या होडीचा पत्ता नव्हता. काका बिनआंघोळीचे, न जेवता ओट्यावर बसलेले, काकूंचा मोबाइल मुठीत धरून. एरवी मी त्यांची टिंगल करायची संधी सोडत नाही, पण त्या दिवशी मीही ताट बाजूला सारलं. मी जाऊन शेजारी बसलो.

दुपारी फोन वाजला. काकांनी गडबडीत तो स्पीकरवरच लावला.

"आई, मी संजय. बंदराला लागलो. सगळे सुखरूप आहोत."

काकांनी फोन दोन्ही हातांनी तोंडाजवळ धरला. पलीकडून पुन्हा हाक आली, "आई?"

"आई नाही," काका कसेबसे म्हणाले, "मी बाप बोलून राह्यलो. जेवले काय, जावईबापू?"