आपटे म्हणा

आमच्या समोरच्या काकांना औषधांच्या दुकानात लेले म्हणतात, चष्मेवाला जगताप म्हणतो आणि बुधवार पेठेतला मिक्सर दुरुस्त करणारा शिरोडकर म्हणतो. माणूस एकच. नारायण पेठेत माझ्या दारासमोरच राहतो, आणि त्याच्या दारावर नावाची पाटी नाही.

मी राहायला आलो तेव्हा ओळख करून घ्यायला गेलो. दार चार बोटं उघडलं. "आपलं नाव?" मी विचारलं. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळलं.

"आपटे म्हणा."

दार बंद. म्हटलं, पुणं आहे, चालायचंच.

या नावांमागचं शास्त्र मला पार्सलांमुळे कळलं. काकांकडे न मागवलेली पार्सलं यायची. कधी कुत्र्याचा पट्टा, कधी डाव्या पायाचे दोन मोजे.

"अहो, कुणीतरी भामटा आपलं नाव-पत्ता विकत घेतो," काका समजावायचे, "आपल्याला टाकाऊ माल पाठवतो आणि मग आपल्याच नावानं इंटरनेटवर खोटे अभिप्राय लिहून स्वतःची आरती ओवाळतो. आज आरती, उद्या त्याच नावावर कर्ज!"

म्हणून काका दर दुकानात वेगळं नाव सांगत. पार्सल आलं की आधी वरचं नाव वाचायचं आणि टाळी वाजवायची. "फितूर सापडला!"

एकदा केस कुरळे करायचं यंत्र आलं. काकांच्या डोक्यावर केस औषधालाही नाही. वर नाव शिरोडकर. काका खोकं बगलेत मारून तडक बुधवार पेठेत. गंमत बघायला मीही मागोमाग.

"शिरोडकर गेले," काकांनी दुकानदाराला सांगितलं.

"अरेरे! कशानं हो?"

"तुम्ही विकलंत त्यांना." आणि खोकं काउंटरवर आदळलं. दुकानदार बिचारा कधी खोक्याकडे बघे, कधी टकलाकडे. मी बाहेर येऊन पोट धरधरून हसलो.

मलाही त्यांनी तयार केलं होतं. अनोळखी फोन म्हणजे चोर. नातेवाईक अडकलाय म्हणाला, तर हमखास चोर. "सरळ नाव विचारा, आणि ठेवून द्या."

गेल्या महिन्यात ऑफिसात असताना एका बाईंचा फोन आला. "डोळ्यांच्या हॉस्पिटलमधून बोलतेय. तुमच्या मोठ्या भावाचं मोतीबिंदूचं ऑपरेशन आहे आणि सोबत कुणीच नाही. तुम्ही येताय ना?"

मी एकुलता एक. फोन ठेवला. संध्याकाळी काकांना हे रंगवून सांगायचं, म्हणून खूशही झालो.

पुन्हा तोच नंबर. "अहो, पेशंट डोळ्यांत थेंब घालून बसलेत! घरचं माणूस आल्याशिवाय डॉक्टर आत घेत नाहीत. तसंच परत पाठवावं लागेल त्यांना."

"नाव सांगा भावाचं," मी दरडावलं.

"दत्तात्रय साठे."

"असा कुणी भाऊ मला नव्हता आणि नाही."

ठेवणार, तोच मागून ओळखीचा आवाज आला. "द्या इकडे. अहो, मी बोलतोय. समोरचा."

"काका? तुम्ही साठे?"

"जन्मापासून."

"मग आपटे?"

मला राग आला, चांगलाच आला. यांचं दूध मी घेऊन ठेवायचं, दिवाळीचा फराळ मी नेऊन द्यायचा, आणि हे मला मिक्सरवाल्याच्या पंगतीत बसवणार!

"म्हणजे मलाही सापळा लावलात?"

"लावला होता." मग आवाज एकदम खाली आला. "चार वर्षं झाली. आपट्यांच्या नावानं एकही पार्सल आलं नाही हो. म्हणून तुमचा नंबर दिला. दुसरा कुणाचा देणार? न विचारता भाऊ केलं, तेवढं चुकलं."

राग कुठल्या कुठे गेला. बॅग उचलली, जिना उतरता उतरता म्हटलं, "बाईंना द्या फोन."

"कोण बोलतंय नक्की?" बाईंनी आता संशयानंच विचारलं.

"धाकटे साठे," मी म्हटलं. "त्यांना परत पाठवू नका. निघालोय."