नाना सोमणांचा बोत्स्वानातला मतदारसंघ

नाना सोमण राहत कलकत्त्यात, डमडमला. पण ते ‘आमच्या मतदारसंघात’ म्हणाले, की तो बोत्स्वानातला, वाळवंटाच्या कडेचा, खेड्यापाड्यांचा असे. त्याचं नाव आम्हां कुणालाच उच्चारता येत नसे. नाना काही वर्षं तिथं शाळेत गणित शिकवून परतले होते आणि आमच्याच इमारतीत, खालच्या मजल्यावर एकटे राहत.

मला हा माणूस सहन होत नसे. बँकेच्या बदलीवर कलकत्त्याला आलो तेव्हापासून रविवारी जमणाऱ्या मराठी मंडळींत राजकारण हा माझा प्रांत होता. त्या काळी बंगालात सरकारं येत होती, पडत होती. विषयांची ददात नव्हती. पण नाना आले आणि माझे श्रोते पळाले.

“तुमच्याकडे मतपत्रिका, आमच्याकडे रंगीत चकत्या!” नाना सुरू करत. “ज्याला मत द्यायचं त्याच्या रंगाची चकती पाकिटात घालायची. अक्षरशत्रू म्हातारीसुद्धा ऐटीत मत देऊन येते. पहिल्या निवडणुकीत आमच्या उमेदवाराची गाडी वाळूत रुतली. ढकलली कुणी? विरोधकांनी! आता बोला!”

चहा गार व्हायचा, मंडळी हलत नसत. माझ्या बायकोला आमच्या खासदाराचं नाव ठाऊक नव्हतं. पण त्या आफ्रिकेतल्या खासदाराच्या गुरांना यंदा पाणी मिळालं का, याची चौकशी ती जिन्यात थांबून करी. माझा जळून कोळसा होई.

एका रविवारी राहवलं नाही. चारचौघांत म्हणालो, “नाना, आमचा आमचा करता, पण तुमचं तिथं मत तरी आहे का?”

“माझं नाही,” नाना म्हणाले. “हिचं आहे.”

नानांना बायको आहे, हेच आम्हांला माहीत नव्हतं. सुशीलाबाई डॉक्टर. इथं नानांचे वडील अंथरुणाला खिळले म्हणून नाना परतले. तिथल्या दवाखान्यात दुसरं कुणी नाही म्हणून त्या मागं राहिल्या. वडील गेले, तरी त्या आल्या नाहीत.

“आधी म्हणाली, दुष्काळ सरू दे. मग म्हणाली, निवडणूक होऊ दे. मग तिनं तिथलं नागरिकत्वच घेतलं.” नाना हसले. “बाईला सवत असते, जोशी. पुरुषाच्या वाट्याला मतदारसंघ आला तर त्याला काय म्हणायचं? म्हणून मी त्याची सगळी कुळकथा पाठ केली. म्हटलं, बघू तरी, माझ्यापेक्षा त्याच्यात काय जास्त आहे.”

“मग? काय निघालं?” माझ्या बायकोनं हळूच विचारलं.

“चांगला आहे हो,” नाना म्हणाले. “तेच तर दुखणं आहे.”

बायकोनं त्यांना जेवायला थांबवून घेतलं. जेवताना नाना पुष्कळ बोलले, पण निवडणुकीवर एक अक्षर नाही. सुशीलाबाईंची वरणाची फोडणी दर वेळी कशी करपते, एवढंच सांगत राहिले.