अस्वलरावांच्या गिझरचा सत्कार

एका जंगलात, बाळांनो, आधी नळ आले, मग गिझर आले आणि मग गिझरचा अभिमान आला.

अस्वलरावांचा गिझर पंचवीस वर्षांचा होता. त्यातून तांबूस पाणी येई. तापताना आत कुणी खडे घोळवतंय असा आवाज होई. खालून सारखं ठिबके. लेक बाळंतपणाला माहेरी आलेली, घरात बारा दिवसांचं पिल्लू. त्याच्या अंघोळीच्या काळजीने अस्वलरावांच्या पत्नी द्वारकाबाईंनी मुंगूस प्लंबरला बोलावलं.

मुंगसाने टाकी वाजवून पाहिली.

"रावसाहेब, आतून पार गंजलीय. ठिबकतंय म्हणून दाब बाहेर पडतोय. ते बंद झालं की टाकी फुटेल. आजच बदला."

"तुझा जन्म नव्हता तेव्हापासून चालतोय हा!" अस्वलराव गुरगुरले. "नवा माल म्हणजे नुसता पत्रा."

आणि त्यांनी गिझर बदलायचं सोडून त्याचा रौप्यमहोत्सवी सत्कार ठरवला. मूर्खांना अशा कामांसाठी वेळ भरपूर असतो.

परसातल्या न्हाणीघरासमोर खुर्च्या मांडल्या. गिझरला शाल पांघरली, हार घातला. पाहुण्यांदेखत ठिबकणं बरं दिसेना. अस्वलरावांनी गळक्या भोकात लाकडी खुंटी ठोकली आणि गिझरचं बटण दाबलं. प्रमुख पाहुणे कोल्हेसाहेब निष्ठा या विषयावर तासभर बोलले.

"आता नातवाची अंघोळ, सर्वांसमक्ष!" अस्वलरावांनी जाहीर केलं.

द्वारकाबाई पिल्लाला पोटाशी धरून मागच्या मागे सरकल्या.

"मी नाही देणार. आधी ती खुंटी काढा."

"अगं, चारचौघांत माझी शोभा करतेस?"

"करते. पिल्लू नाही मिळायचं."

तेवढ्यात धडाम् झालं. न्हाणीघराचं छप्पर शालीसकट उडालं. भिंत आतल्या घंगाळावर कोसळली. पाहुणे खुर्च्या टाकून पळाले. पिल्लू दचकून रडलं, पण त्याला खरचटलंही नाही.

धूळ बसल्यावर कोल्हेसाहेब लांबूनच म्हणाले, "वहिनींनी भरल्या कार्यात अशुभ बोलायला नको होतं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. अस्वलरावांनी डोळे पुसले, गिझरसाठी. नातवाकडे त्यांनी वळूनही पाहिलं नाही. द्वारकाबाईंशी ते महिनाभर बोलले नाहीत.

तात्पर्य : गिझर फुटेपर्यंत उत्तम चालत असतो. तो फुटला, तर आधी कोण बोललं होतं ते आठवावं आणि दोष त्याला द्यावा.