गरीबरथातलं दही

“या खेपेला दही असं लागेल की मडकं उलटं धरलं तरी थेंब गळायचा नाही!” बिलट मंडलनं सहरसा स्टेशनच्या फलाटावर जाहीर करून टाकलं. ऐकायला होतं कोण? एक चहावाला आणि एक शेळी. चहावाल्यानं मान तरी हलवली!

बिलटनं दह्याचा एवढा ध्यास घेतला होता, त्याला कारणही तसंच होतं. लेकीच्या सासरी भार, म्हणजे माहेरची भेट, घेऊन जायचं तर केळी, मखाणे, तळलेला गोड ठेकुआ हे सगळं असतंच. पण बापाची इज्जत मोजतात ती दह्याच्या मडक्यावरून. आणि बिलटची इज्जत लेकीच्या, रंजूच्या लग्नातच वाहून गेली होती. दही इतकं पातळ निघालं की व्याही सोनेलाल भर पंगतीत ओरडले, “व्याहीबुवा, दही वाढलंत की पत्रावळी धुतल्यात?” तेव्हापासून लुधियान्यात सासरी रंजूनं ताट वाढलं की टोमणा ठरलेला. पोरगी फोनवर रडायची. आता नातवाचं जावळ होतं, आणि या वेळी घट्ट दहीच न्यायचं असा बिलटनं पण केला होता.

घरून दही लावून न्यावं, तर जेठ महिन्याच्या उकाड्यात जनरल डब्यात ते आंबून जाणार. म्हणून त्यानं डोकं चालवलं. दूध आटवायचं, विरजण लावायचं आणि मडकं घेऊन सरळ गरीबरथात चढायचं. गाडी एसीची. दही वाटेतच लागेल आणि गोडच्या गोड लुधियान्यात उतरेल!

“अहो, दही लागायला ऊब लागते,” बायको म्हणाली.

“तुला एसीतलं काय कळतं? बसलीयेस कधी?”

बसला तोही नव्हता. पण ते सोडा.

गरीबरथात बाजूला जिथं दोन बर्थ मावायचे तिथं तीन बसवलेले. त्यातला मधला बिलटच्या वाट्याला आला. त्यावर बसता येत नाही, उठता येत नाही, कूस बदलायची तर खालच्या-वरच्याला विचारावं लागतं. मडकं त्यानं पायाशी ठेवलं, ऐन गार हवेच्या झोतात. अटेंडंटनं विचारलं, “चादर-कांबळं? वेगळे पैसे पडतील.”

“आधी पैसे देऊन थंडी घ्यायची, आणि मग पैसे देऊन ती घालवायची? मी काय वेडा आहे?”

रात्रभर त्याचे दात वाजले. सकाळी मडक्यावरचं फडकं सोडलं, तर आत दूध! पांढरंशुभ्र, पातळ, गाडीच्या तालावर हिंदकळणारं दूध!

“तोंड का उतरलं रे तुझं?” खालच्या बर्थवरच्या दुलारीकाकीनं विचारलं.

“काकी, मी मेलो!”

काकीनं मडक्यात बोट बुडवलं. “अरे मेल्या, हे तर थंडीनं काकडलंय! ऊब दे त्याला, ऊब!”

रात्रभर स्वतःसाठी न घेतलेलं कांबळं बिलटनं मडक्यासाठी घेतलं. काकीनं आपली शाल दिली. मग तो मडकं पोटाशी कवटाळून पडला. तेवढ्यात तिकीट तपासनीस आला.

“कांबळ्यात कोण आहे? तिकीट?”

“दही आहे, साहेब.”

साहेबांनी आत डोकावलं. “हे तर हलतंय!”

“अजून व्हायचंय, साहेब.”

साहेब पुढे गेले ते दोनदा मागे वळून बघत.

मुरादाबाद गेलं तरी दूध दूधच. शेवटी काकीनं अटेंडंटला हाक मारली, “बाबा रे, तुझी ती थंडी जरा कमी कर.”

“खबरदार!” समोरच्या बर्थवरून भोगल ठाकूर गरजला. भोगल अमृतसरला गवंडीकाम करायचा. “वीस वर्षं जनरलच्या संडासापाशी उकिडवा बसून गेलोय मी! आज पहिल्यांदा गार वारा अंगाला लागलाय. दह्यासाठी बंद करू?”

त्याचं काय चुकलं होतं? बिलटलाही वाटलं, बरोबर आहे गड्याचं. त्यानं मान खाली घातली आणि लग्नातल्या पंगतीपासून सगळं सांगून टाकलं.

“भोगल, तुला मुली किती?” काकीनं विचारलं.

“तीन,” भोगल पुटपुटला. मग त्यानं अंगावरचं कांबळं ओढलं आणि मडक्यावर टाकलं. “बंद करा! लेकीच्या सासरी पातळ दही जाता कामा नये!”

मग काय! सगळा डबा मिथिलेकडच्या माणसांचा, प्रत्येकाची कुणी ना कुणी लेक-बहीण सासरी. कांबळ्यांचा डोंगर झाला. गार हवा बंद. काचा उघडणाऱ्या नव्हेत, बाहेर जेठाचं ऊन. डबा भट्टीसारखा तापला! माणसं घामानं निथळली, सदरे निघाले, वर्तमानपत्रांचे पंखे झाले. कुणी कुरकुरलं की भोगलच दरडावायचा, “गप! दही लागतंय!”

अंबाला आलं. काकीनं कांबळी बाजूला केली आणि मडकं तिरकं केलं.

हललं नाही!

“लागलं!” काकी ओरडली. अख्ख्या डब्यानं टाळ्या पिटल्या. भोगलनं तर बिलटला मिठीच मारली. दोघं घामानं चिकटले ते सोडवावे लागले.

लुधियान्याच्या फलाटावर सोनेलाल आणि रंजू उभे होते. बिलटनं मडकं पुढे केलं. सोनेलालांनी ते निरखलं, हुंगलं आणि चारचौघांत सरळ उलटं धरलं. एक थेंब नाही!

“वा, व्याहीबुवा! दही म्हणावं तर हे! मागचं सगळं माफ!”

बिलटची छाती फुगली. मग सोनेलालांनी त्याला खालून वर न्याहाळलं. सदरा पिळून काढण्यासारखा, केस कपाळाला चिकटलेले.

“पण काय हो हे! या उन्हात जनरलनं आलात? नातवाच्या जावळाला तरी एसीचं तिकीट काढायचं होतंत!”

“अहो, एसीच...” बिलटनं मागे वळून डबा दाखवला. दारात भोगल उघड्या अंगानं उभा राहून गमछा पिळत होता. त्याच्यामागे डबाभर माणसं वर्तमानपत्रांनी वारा घेत होती.

बिलटनं हात खाली घेतला. “गर्दी फार होती,” तो म्हणाला.

रंजूनं हळूच त्याची बाही धरली आणि कानाशी लागून म्हणाली, “बाबू, पुढच्या खेपेला एक वेळ दही नका आणू... पण एसीनं या हं!”